हिरडीच्या रंगाचा हात

अंबाजोगाईत सत्यशीलाबाईंचं घर शोधायचं तर घरनंबर विचारून काही उपयोग नव्हता. "कवळीवाल्या बाई कुठं राहतात?" असं विचारावं लागायचं. मग ओट्यावर बसलेलं एखादं म्हातारं माणूस आधी स्वतःच्या तोंडात जीभ फिरवून दात जागेवर आहेत का ते बघायचं, आणि मगच बोट करून गल्ली दाखवायचं. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू बाईंनी घडवलेलं होतं.

डॉक्टर मोहनरावांच्या दातांच्या दवाखान्यात त्यांनी उभी हयात काढली. डॉक्टरांनी माप घ्यायचं, बाईंनी मागच्या खोलीत बसून मेणात दात बसवायचे, साचा करायचा, भाजायचा, घासायचा. पुढं डॉक्टर थकले, दवाखाना बंद करून मुलीकडं गेले. नव्या दवाखान्यांनी मापं थेट मोठ्या शहरातल्या लॅबकडं पाठवायला सुरुवात केली. तिथं म्हणे मशीनच दात कोरतं. बाईंकडं येणारं काम आटत आटत महिन्याला एखाददुसऱ्या दुरुस्तीवर आलं. जावई-लेक दूर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि खिडकीशी डॉक्टरांनी जाताना देऊन टाकलेलं कामाचं टेबल. बाई रोज सकाळी ते टेबल पुसायच्या. काम असो नसो.

गणपतीच्या सुट्टीत, एका दुपारी, दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. गळ्यात मेडिकल कॉलेजचं ओळखपत्र, हातात जेवणाचा छोटा डबा.

"कवळीवाल्या मावशी तुमीच का?"

"मीच. ये की आत. कुणाचे दात हायेत?"

"दात न्हाईत मावशी. दुसरंच हाय." मुलीनं डबा उघडला. आत कापूस, आणि कापसात अंगठ्याच्या पेराएवढा एक योद्धा. चिलखत, खांद्यावर लाल झूल, कमरेला पट्टा. उजवा हात कोपरापासून तुटलेला. तुटलेला पंजा तलवारीसकट बाजूला पडला होता आणि मधला तुकडा कुठं दिसत नव्हता.

बाईंनी तो उचलून उजेडाकडं धरला. "हे काय गं? खेळणं?"

"खेळणंच. पण मोठ्या मानसांचं."

मुलीचं नाव सुकन्या. वडवणीकडची. वडील मेंढरं राखत फिरायचे. शिकून डॉक्टर व्हायला निघालेली घरातली ही पहिलीच. तिच्या वर्गात नाशिकचा पवन नावाचा एक मुलगा होता. त्याच्याकडं अशा सैनिकांच्या पेट्याच्या पेट्या होत्या. दर रविवारी सकाळी ही पोरं मेसची टेबलं जोडून त्यावर डोंगर, नदी, पडके बुरूज मांडायची, दोन बाजूंना दोन फौजा उभ्या करायची आणि फासे टाकून लढायची. प्रत्येक सैनिक पवननं स्वतः रंगवलेला. पवन सुट्टीला घरी गेला तेव्हा पेट्या सुकन्याच्या भरवशावर ठेवून गेला, आणि नेमका त्याच्या आवडीचा हा सेनापती तिच्या हातून फरशीवर पडला.

"चिटकवायला गेलते मी," सुकन्या म्हणाली, "तर माझीच बोटं एकमेकांला चिटकली. मधला तुकडा तर झाडूनबिडून सुदिक सापडंना. आमच्या मेसच्या आजी म्हनल्या, कवळीवाल्या बाईकडं जा, त्या तुटलेलं काईबी जोडतात."

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं. ज्वारीच्या दाण्याएवढं तोंड, पण त्यात कपाळावरची आठीसुद्धा दिसत होती. ओठ आवळलेले. गड्याला भलताच राग आला होता. बाईंना हसू आलं. आणि हसता हसता छातीत कुठंतरी खोल काहीतरी हललं. काय ते त्यांना चटकन उमगलं नाही.

"बस," त्या म्हणाल्या. "चहा ठिवते. मग बगू."

दात अडकवायच्या कडीसाठी लागते ती बारीक तार त्यांच्याकडं होती. दात घासायच्या यंत्राला सगळ्यात नाजूक टोक लावून त्यांनी कोपराच्या तुटलेल्या बाजूत एक भोक पाडलं, पंज्यात दुसरं. तार दोन्हीकडं रोवली. आता मधली जागा भरायची. कवळीची भुकटी आणि तिचं उग्र वासाचं पाणी एका वाटीत कालवलं, सुईच्या अग्रानं थेंब थेंब तारेभोवती चढवलं. सुकन्या श्वास धरून बघत होती.

"मावशी, हे गुलाबी कावून?"

"हिरडीचा मसाला हाय ना गं हा. दातासारखा पांढरा बी असतो, पन तो संपला. आता लॅबवाले कुटं आनून देतात मला." बाईंनी हात घासून गुळगुळीत केला. "रंग मारला की झाकल."

रंग पवनच्या कुलुपात होते. त्यामुळं काळ्या चिलखतातून बाहेर आलेला सेनापतीचा गुलाबी हात तसाच राहिला. सुकन्या घाबरत घाबरतच तो घेऊन गेली.

पुढच्याच आठवड्यात ती परत आली ती पवनला घेऊन. उंच, चष्मेवाला पोरगा. दारातूनच म्हणाला, "मावशी, तुम्ही माझ्या सेनापतीचं काय केलंत?"

बाईंनी हातातलं भिंग खाली ठेवलं. "का रे बाबा? निघाला का हात?"

"हात पक्का बसलाय. पण तलवार बघा ना कशी धरलीय त्यानं." पवननं सेनापती टेबलावर ठेवला. "हा लढायला निघालाय असं वाटतच नाही. हा काहीतरी कापायला निघालाय."

बाईंनी वाकून बघितलं. खरंच होतं. तलवार वर उगारलेली असायला हवी होती, पण बाईंनी मनगट आत वळवून पातं खाली, बुडख्याशी घाव घालायच्या बेतात बसवलं होतं. तलवार त्यांनी आयुष्यात धरली नव्हती. त्यांच्या हाताला ठाऊक होता तो कोयता. उसाच्या बुडावर घाव घालणारी आईची मूठ त्यांनी लहानपणी सबंध हंगामभर बघितली होती. हातानं आपसूक तीच घडवली.

"वंगाळ झालं," त्या म्हणाल्या. "दे, मोडून नीट करते."

"नको नको!" पवन हसायला लागला. "सगळ्या हॉस्टेलमध्ये त्याचं नाव गुलाबराव पडलंय. आता याला कुणी हात लावायचा नाही. मी हे दुसरे आणलेत." आणि त्यानं पिशवीतून आणखी एक डबा काढला. त्यात भाले मोडलेले, पंख तुटलेले, एक घोडा तर तीन पायांचा.

अशा रीतीनं बाईंच्या टेबलावर पुन्हा काम आलं. पवननं त्यांना शिकवलं की रंग पातळ करून कसा लावतात, सावलीच्या जागी गडद आणि कडेला फिका कसा ओढतात. बाईंनी त्याला तार रोवायला शिकवलं. दोघांचीही आधी बरीच मोडतोड झाली. घोड्याचा चौथा पाय बाईंनी करून दिला तो दोनदा आखूड झाला, आणि घोडा टेबलावर ठेवला की लंगड्या माणसासारखा कलायचा. तिसऱ्या खेपेला उभा राहिला.

एका रविवारी सुकन्या त्यांना खेळ बघायला घेऊन गेली. मेसमध्ये पोह्यांचा वास, खिडक्यांतून ऊन, आणि जोडलेल्या टेबलांवर भुसा रंगवून केलेली हिरवी जमीन. पोरं वाकून वाकून बघत होती. एकानं मोजपट्टी काढली, आपल्या भालेकऱ्यापासून पुढं मापली, आणि तेवढ्याच अंतरावर त्याला सरकवला. मग फासे टाकले. "मेला!" कुणीतरी ओरडलं. मेलेला सैनिक उचलून बाजूला ठेवला.

बाई मोजपट्टीकडं बघत राहिल्या. आता त्यांना उमगलं, त्या दुपारी छातीत काय हललं होतं ते.

"आमी विती मोजायचो," त्या म्हणाल्या.

"काय मावशी?" सुकन्यानं विचारलं.

"काय न्हाई. खेळा तुमी."

शिरूर कासारच्या बाजूचं त्यांचं गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला निघायचं. बैलगाडीत पीठ, भांडी, कोंबड्या आणि पोरं. कारखान्याच्या माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या, एकीला लागून एक. आईबाप तांबडं फुटायच्या आत फडात गेलेले असायचे. आई, जाईबाई, निघताना भाकरी फडक्यात बांधून ठेवायची आणि सांगायची, "सत्ये, भारताला संभाळ." भारत तिचा धाकटा भाऊ. ती दहाएक वर्षांची असेल, तो तिच्याहून चार वर्षांनी लहान.

सांभाळायचं म्हणजे काय, तर त्याला रडू द्यायचं नाही. पाटाच्या कडेला चिकणमाती होती. भारतानं तिचे आधी बैल केले, मग माणसं केली, मग एके दिवशी दोन फौजा केल्या. एक कारखान्याची, एक कोप्यांची. बाभळीचे काटे हे भाले. उसाच्या वाढ्याची पानं चिरून झेंडे. चिंचोके फोडून दगडावर घासले की फासे तयार. पांढरी बाजू वर पडली तितक्या विती पुढं जायचं. हात मोडला, मुंडी निखळली की दुरुस्तीचं खातं सत्यशीलाकडं. बाभळीचा डिंक तोंडात धरून मऊ करायचा आणि हात परत चिकटवायचा. डिंकाचा हात तांबूस दिसायचा. भारत म्हणायचा, ह्यो जखमी हाय, ह्याला मागं ठिव.

कारखान्याचा भोंगा झाला की लढाई थांबायची. आईबाप यायचे. अंगाला उसाचा वास आणि कुसळं. आई फौज ओलांडून जायची, पण कधी पायदळी नाही. बाप एकदा वाकून म्हणाला होता, "कोप्यावाल्यायला जितवा रं पोरांनो कधी." एरवी त्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही.

हंगाम संपला त्या दिवशीची गोष्ट बाईंना लख्ख आठवत होती. गाडी भरली होती, कोपी मोडली होती. भारत फौजेपाशी हटून बसला होता. इतकी माणसं गाडीत कुठं न्यायची? सत्यशीलानं त्याला समजावलं, "हे पहाऱ्याला राहू दे. पुढच्या साली आपुन येईस्तोवर जागा राखतील." मग तो उठला. पुढच्या साली मुकादमानं टोळी दुसऱ्याच कारखान्याला नेली. आणि त्याच्या पुढच्या साली सत्यशीलाला शाळेसाठी अंबाजोगाईला मावशीकडं ठेवलं. मावशी सरकारी दवाखान्यात झाडलोट करायची. तिच्याच ओळखीनं पुढं मोहनरावांचा दवाखाना मिळाला. आधी भांडी उकळायला, मग मेण वितळवायला. एकदा डॉक्टरांनी बघितलं, पोरगी फावल्या वेळात मेणाचा बैल करून बसलीय. ते रागावले नाहीत. म्हणाले, "हात आहे तुला. दात करशील का?"

पहिली कवळी तिनं केली ती रुक्मिणीबाई नावाच्या म्हातारीची. मोत्यासारखी सरळ ओळ. म्हातारीनं ती घातली, आरशात बघितलं आणि काढून डॉक्टरांच्या हातात दिली. "ही माजी न्हाई. माज्या म्होरच्या दातात फट हुती. त्या फटीतून मी शीळ घालायची, तवा म्हशी माघारी वळायच्या." डॉक्टर खो खो हसले. सत्यशीलानं मात्र कवळी परत घेतली आणि फट घालून दिली. म्हातारीनं दवाखान्यातच शीळ घालून बघितली. तिथून पुढं बाईंनी कधी कुणाला सरसकट दात केले नाहीत. जुना फोटो मागायच्या. फोटो नसेल तर घरच्यांना विचारायच्या, हसताना कसे दिसायचे.

भारत शिकला, बीडला एका गॅरेजात फिटर झाला, लग्न केलं. सणावाराला, चौदा एप्रिलला फोन. "बरं हाय का अक्का?" "बरं हाय. तुजं?" एवढंच. भांडण नव्हतं काही. बोलण्यासारखं होतं ते सगळं जणू त्या माळावरच राहून गेलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर त्याच्या बायकोचा, मायाचा, फोन आला. भारताच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. जीव वाचला होता, पण हातापायात बळ नव्हतं, बोलणं जड झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोजचा व्यायाम हाच उपाय. माया अंगणवाडीत कामाला, लेक नोकरीनिमित्त लांब. तिचं रडू आवरेना.

"अंबाजोगाईला आन त्याला," बाई म्हणाल्या. "मोठा दवाखाना हाय हितं. मी हाय. कावून रडतीस?"

भारत आला. एकेकाळी इंजिनाच्या पोटात हात घालून आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस, आता त्याला शर्टाची गुंडी लागत नव्हती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्याला एक रबरी चेंडू दिला होता, दाबायला. तो चेंडू मांडीवर ठेवून भिंतीकडं बघत बसायचा. बाई जेवू घालायच्या, दवाखान्यात न्यायच्या, बोलत राहायच्या. तो मान हलवायचा. कधी तीही नाही. सुकन्या येता-जाता डोकवायची, "मामा, दाबला का चेंडू?" म्हणायची. मामा डोळे मिटून घ्यायचा.

एके दिवशी बाई खिडकीशी एका घोडेस्वाराचा मोडलेला भाला जोडत होत्या. मूळचा भाला पार हरवलेला. तार लावून बघितली तर ती जाड आणि बोथट दिसत होती. घासली तर वाकली. दुसरी घेतली, तीही वाकली. त्या वैतागून पुटपुटल्या.

मागून आवाज आला. जड, अडखळत, पण स्पष्ट.

"बाभळीचा काटा लाव की."

बाईंच्या हातातून तार गळाली. त्यांनी वळून बघितलं. भारत भिंतीकडं नव्हे, टेबलाकडं बघत होता. कधीपासून बघत होता कोण जाणे.

"काय म्हनलास?"

"काटा. वाळलेला. तो वाकत न्हाई." दम घेऊन तो म्हणाला, "लहानपणी कुटं तार हुती आपल्याला?"

बाई उठल्या, चपला न घालताच मागच्या मोकळ्या जागेतल्या बाभळीपाशी गेल्या आणि ओंजळभर काटे घेऊन आल्या. भारतानं डाव्या हातानं त्यातला एक निवडला. पांढरा, सरळ, टोकदार. घोडेस्वाराच्या मुठीत तो असा बसला, की जणू त्याच्यासाठीच उगवला होता.

त्या दिवशी भारत बोलत राहिला. शब्द सापडायचे नाहीत तेव्हा थांबायचा, बाई पुरवायच्या. पाटाची माती, चिंचोक्यांचे फासे, मोडक्या जखमींची मागची रांग, सगळं त्याला आठवत होतं. बाईंपेक्षा जास्त. मग बाईंनी शेवटच्या दिवसाचा विषय काढला.

"तुला फसवलं रे मी तवा. म्हनलं पहाऱ्याला राहतेत म्हनून. तू केवढा भरवसा ठिवलास."

भारत हसला. तोंडाची उजवी बाजू हसत नव्हती, तरी हसला. "मला ठावं हुतं की. पाऊस आला की मातीचं काय ऱ्हातंय."

"मग उठलास कसा?"

"तू रडायलीस ना अक्का. मला समजावता समजावता तूच रडायलीस. म्हनून म्हनलं, जाऊ द्या. ऱ्हातील म्हनावं पहाऱ्याला."

बाईंना आपण रडल्याचं अजिबात आठवत नव्हतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपण धाकट्याला सांभाळलं. त्यांनी पदरानं भिंग पुसलं, परत पुसलं, आणि म्हणाल्या, "चहा घेतोस का?"

रबरी चेंडूला भारतानं शेवटपर्यंत दाद दिली नाही. पण बाईंनी कवळीचं मेण कोमट करून त्याच्या उजव्या हातात दिलं, तेव्हा तो नुसता बसू शकला नाही. आधी नुसतं मळणं. मग गोळा. मग डाव्याच्या मदतीनं लांबट काहीतरी, ज्याला तो बैल म्हणायचा आणि सुकन्या पाल म्हणायची. हळूहळू पालीला वशिंड आलं, शिंगं आली. व्यायामाच्या बाईंनी एकदा घरी येऊन बघितलं आणि म्हणाल्या, "हेच करू द्या त्यांना. मीही हे बाकीच्या पेशंटना देऊन बघते."

पवनच्या डोक्यात कल्पना आली ती हे बैल बघून. "मामा, तुमची एक फौज का नाही करत? आमच्यात या की लढायला."

"आमची कसली फौज?" भारत म्हणाला.

"तुमची जी होती ती."

मग सगळा पावसाळी उत्साह त्या खोलीत शिरला, ऐन थंडीत. भारत मेणात माणसं करायचा, ओबडधोबड, जाड हातापायांची. बाई त्यांचे साचे करून कवळीच्या मसाल्यात उतरवायच्या, नाकडोळे कोरायच्या. कोयतेवाले बापे, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, कमरेवर पोर घेतलेली एक. दोन बैलगाड्या, उसानं लादलेल्या. बाईंनी एका बाईचं तोंड कोरलं तेव्हा भारत बराच वेळ भिंगातून बघत राहिला. "आईच हाय ही," तो म्हणाला. बाईंकडं जाईबाईचा फोटो नव्हता. कधी काढलाच नव्हता कुणी. विचारायला घरचं माणूस उरलं होतं ते हे एकच. "नाक जरा बसकं होतं," भारतानं सांगितलं. बाईंनी नाक बसकं केलं. "आता बरोबर."

सुकन्यानं रंगवायला मदत केली. तिनं एका बाईला जांभळं लुगडं दिलं आणि भारतानं तिला झापलं, "तोडीवर जांभळं कोन नेसतंय बे!" मग स्वतःच ओशाळला, पोरीला 'बे' म्हटलं म्हणून. सुकन्या म्हणाली, "मामा, तुमचा आवाज आता लई खणखणीत झालाय." तो खरंच झाला होता.

पौष उलटल्यावरच्या एका रविवारी भारत काठी टेकत मेसमध्ये गेला. माया मुद्दाम बीडहून आली होती. पोरांनी त्याच्यासाठी खुर्ची ठेवली होती. त्यानं आपली टोळी मांडली. समोर पवनचे चिलखती घोडेस्वार. पवननं मोजपट्टी पुढं केली, तशी भारतानं ती बाजूला सारली आणि उजवा हात टेबलावर ठेवला. अंगठा आणि करंगळी ताणली. बोटं थरथरत होती, पुरती उघडत नव्हती. वीत आखूड पडली.

"तुमचंच नुकसान आहे मामा," पवन म्हणाला. "पट्टीनं जास्त पुढं जाल."

"असू दे," भारत म्हणाला. "माज्याच हातानं जाईन."

कोयतेवाल्यांची पार दाणादाण उडाली. घोडेस्वारांपुढं त्यांचा काही निभाव लागला नाही. फासेही उलटे पडत गेले. एकेक गडी उचलून बाजूला ठेवताना भारत त्याचं नाव सांगायचा. हा नामदेव, हा आपला शेजारचा, ह्यो गाणी लई म्हनायचा. पोरं फासे टाकायचे थांबून ऐकायला लागली. शेवटी टेकडीच्या आडोशाला एक बैलगाडी आणि गाडीशेजारी मोळीवाली बाई तेवढी उरली. पवनची पाळी होती. त्यानं टेबलाकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाला, "भोंगा झाला, मामा. आज इथंच थांबू."

बाईंनी चमकून त्याच्याकडं बघितलं. भोंग्याची गोष्ट भारतानं त्याला कधी सांगितली, त्यांना पत्ताच नव्हता.

परत येताना माया वाटेत बाईंचा हात धरून चालत होती. "घरी सुदिक एवढं बोलत न्हवते हे कधी," ती म्हणाली. "लग्नाला इतकी वर्सं झाली, तोडीवर गेलते हेच मला म्हाईत. बाकी काय न्हाई."

उन्हाळ्याच्या सुरुवातीला भारत बीडला परत गेला. हात पूर्वीसारखा झाला नाही, होणारही नव्हता. पण गुंडी लागत होती, कप धरता येत होता, आणि गॅरेजच्या मालकानं निरोप पाठवला होता की नुसतं बसून पोरांना सांगायला तरी या. बसस्टँडवर गर्दी होती. माया जागा धरायला आधी चढली. कंडक्टर हाका मारत होता. भारत पायरीवर एक पाय ठेवून थांबला, बहिणीकडं वळला. मग काठी सावरत आत चढला. गाडी सुरू झाली, वळायला लागली, तशी त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अक्का! दुसऱ्या गाडीच्या बैलायला शेपट्याच राहिल्या गं लावायच्या!"

"तूच ये लावायला!" बाई ओरडल्या. "मी न्हाई लावनार!"

गाडी धुरळ्यात दिसेनाशी होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग आठवडी बाजार होता म्हणून वांगी आणि मेथी घेऊन घरी आल्या.